मालिकेतलं घर खरं कसं वाटायला लागतं: डेली सोप लिहू पाहणाऱ्यांसाठी

मेथी निवडता निवडता भांडण लिहा. नवीन लिहिणारी पोरं-पोरी मला विचारतात ना, की ताई, डेली सोपमध्ये खरेपणा कसा आणायचा, तेव्हा मी पहिलं हेच सांगते. त्यांना वाटतं ही काहीतरी छोटीशी ट्रिक सांगतेय, पण त्यात जवळजवळ सगळं आलं. मी काही वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहितेय, त्याआधी सेटवर कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधली वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशीच आहे ना, ते बघायचे, आणि या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय. प्रेक्षकाला घर खरं वाटलं की घटना कसलीही चालते. मेलेला माणूस परत येतो, मुंडावळ्या बांधल्यावर ऐनवेळी नवरा बदलतो, एकाच घरात वर्षभरात तीन वेळा कुणीतरी पळवलं जातं, आणि तरीही डोंबिवलीची किंवा सोलापूरची बाई रोज ठरल्या वेळेला टीव्हीसमोर बसते, कारण ती माणसं तिला ओळखीची वाटतात. टीव्ही बंद केल्यावरही ती तिकडे आपापलं काम करत असणार, भांडी घासत असणार, झोपली असणार असं तिला वाटतं. ते वाटायला लावणं हे आपलं काम.

हाताला काम द्या

साधा सीन घेऊ. एकत्र कुटुंब, कपाटातले दहा हजार गेलेत, मोठ्या जावेला धाकटीचा संशय आहे. पहिल्या ड्राफ्टमध्ये बहुतेक जण असं लिहितात:

"वहिनी, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"
"हो नीता, घेतेय! कारण कपाटाची चावी फक्त तुझ्याकडे होती!"
"या घरासाठी मी काय नाही केलं? आणि आज तुम्ही मला चोर ठरवलंत!"

चूक काहीच नाही यात, ॲक्ट्रेस रडेलही छान. पण आपल्या घरांत भांडण असं होत नाही हो. आपल्याकडे कुणी मुद्द्याला थेट हात घालत नाही, भांडण मेथीतून येतं, दुधातून येतं, पंखा कुणी चालू ठेवला यातून येतं. आता हाच सीन दुपारचा घ्या, जेवणं झालीत, दोघी डायनिंग टेबलावर पेपर पसरून मेथी निवडतायत.

"कोवळी आहे ना?"
"हो. मंडईतून आणलीत?"
"नाही गं, दारावर आला होता. पंधराला दिली." मग जरा थांबून, "सुट्टे नव्हते माझ्याकडे. कपाटात बघितलं."
नीता देठ खुडत राहते.
"काही नव्हतंच कपाटात."
"मी नाही हं उघडलं वहिनी कपाट. सोमवारी आईंच्या गोळ्यांची चिठ्ठी काढली तेवढंच."
"मी कुठे काय म्हटलं?"
"नाही, सांगितलं आपलं."
"एवढे देठ नको टाकूस गं. कोवळे आहेत, चालतात."

चोर हा शब्द कुणी उच्चारला नाही, दहा हजारही कुणी म्हटलं नाही, पण 'मी कुठे काय म्हटलं' हे वाक्य ज्या घरात सासू, सून किंवा जाऊ आहे त्या प्रत्येक घरात कधी ना कधी बोललं गेलंय. आणि ती शेवटची देठाची ओळ, तिच्यात मोठेपण गाजवणंही आलं आणि तुझ्यावर लक्ष आहे माझं हेही आलं. बघणाऱ्या बाईला हे सगळं बरोब्बर कळतं, तिला फोडून सांगायची गरज नाही. उलट फोडून सांगितलं की ती बाजूला होते, आता ही नाटकं चालू झाली म्हणते आणि फोन हातात घेते.

हाताच्या कामाचा दुसरा फायदा एडिटरला होतो. सीन दोन-तीन कॅमेऱ्यांवर चालतो, मास्टर म्हणजे सगळा सीन एकत्र दिसणारा शॉट मिळतो, चेहऱ्यांचे क्लोज मिळतात, पण नुसत्या चेहऱ्यांवर सीन कापला की प्रत्येक वाक्यानंतर रिॲक्शन द्यावी लागते आणि माणसं पुतळ्यासारखी उभी राहून एकमेकींना बघत बसतात. हातात मेथी असली की एडिटर हातांवर जाऊ शकतो, एक क्षण थांबलेल्या बोटांवर जाऊ शकतो, आणि ती थांबलेली बोटं रडण्यापेक्षा जास्त बोलतात. फक्त सीन लिहितानाच प्रॉपर्टीत, म्हणजे सेटवरच्या वस्तू पुरवणाऱ्यांकडे, एक्स्ट्रा जुड्या मागवून ठेवा, कारण प्रत्येक टेकला निवडलेला ढीग पुन्हा पहिल्याएवढा करावा लागतो. कंटिन्युटीच्या मुलीला ढिगाचा फोटो काढू द्या, तिला घाई करू नका.

याच्या जोडीला एक बारकी गोष्ट. कपात खरं काहीतरी ओता. मालिकांमध्ये माणसं रिकामा कप असा उचलतात की तो हवेत तरंगतो, मनगटाला वजनच नसतं, आणि गरम चहाचा पहिला घोट जसा ओठ जरा मागे घेऊन घेतो तसं कुणी घेत नाही. नुसतं कोमट पाणी ओतलं तरी हात आपोआप बरोबर हलतो. सूटकेसचंही तेच, घर सोडून निघालेली सून दोन बॅगा पिसासारख्या उचलून निघते तेव्हा तिचं सगळं दुःख खोटं होतं. आत उशा नकोत, चार जाडजूड पुस्तकं भरा.

घराचा नकाशा आणि माणसांची वही

पहिला एपिसोड लिहायच्या आधी घराचा नकाशा काढा, कागदावर, पेन्सिलने. ओट्याच्या खिडकीतून काय दिसतं, देवघर कुठल्या भिंतीला, बेल वाजली की आधी कुणाला ऐकू येते, आजोबांच्या खोलीतून हॉलमधलं बोलणं ऐकू जातं का. हे एकदा ठरलं की मोडायचं नाही. प्रेक्षक ते घर वर्षानुवर्षं बघतो, त्याला डोळे मिटून त्या घरात फिरता येतं, आणि ज्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर पडलेली बाई भलत्याच दारातून हॉलमध्ये येते त्या दिवशी कारण सांगता आलं नाही तरी त्याला काहीतरी खटकतं.

घराबाहेर एक जागा हवी जिथे सगळ्या थरांतली माणसं न ठरवता भेटतात. ब्रिटनमधली 'कोरोनेशन स्ट्रीट' ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली आणि अजून चालू आहे, मँचेस्टरच्या बाजूच्या कामगार वस्तीवर बेतलेली ती एक गल्ली, आणि त्या गल्लीत रोव्हर्स रिटर्न नावाचा पब. तिथे म्हातारी बाई, कारखान्यातली पोरगी, नवरा सोडून आलेली, सगळे येतात, त्यामुळे कुणालाही कुणाची बातमी कळायला योगायोग लागत नाही. आपल्याकडे पब नाही पण चाळीची गॅलरी आहे, सोसायटीच्या गेटवरची वॉचमनची खुर्ची आहे, गावात पार आहे, दूध डेअरीची रांग आहे. दाराआडून चोरून ऐकणं हा प्रकार मी शक्यतो लिहीत नाही. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईला चोरून ऐकावं लागत नाही, तिला ऐकू येतंच.

जागा खरी मिळाली तर अर्धं काम होतं. 'ब्रुकसाइड' नावाची मालिका १९८२ मध्ये चॅनल फोरवर आली तेव्हा तिच्यासाठी लिव्हरपूलमध्ये खरी घरं विकत घेतली होती, आणि शूटिंग त्या घरांतच. आपल्याकडे 'रात्रीस खेळ चाले' सिंधुदुर्गातल्या आकेरीत एका खऱ्या घरात शूट झाली, तिथला जांभ्याचा चिरा, ते खळं म्हणजे अंगण, भोवतालची झाडं यातलं काहीही मुंबईत फिल्मसिटीत किंवा घोडबंदर रोडच्या स्टुडिओत उभं करता आलं नसतं, आणि लोक नंतर मुद्दाम ते घर बघायला जायला लागले. मात्र दरवेळी हे परवडत नाही, सेटवरच काम करायचं असतं, मग आर्टच्या माणसांशी बसून निदान घर वापरलेलं दिसेल एवढं तरी करून घ्या. स्विचबोर्डाभोवती बोटांचे डाग, फ्रिजवर लाइटबिल, फ्रिजच्या हँडलला फडका, डब्यांवर वेगवेगळ्या रंगांची झाकणं. श्रीमंत घर असलं तरी माळ्यावर एक दोरीने बांधलेलं खोकं असतंच.

मग वही. प्रत्येक पात्राचं एक पान. वय, शिक्षण, पगार किती, गुडघे दुखतात का, कुठली भाजी खात नाही, कुणाला काय हाक मारतो. ही वही मी फार जपते कारण एकदा अद्दल घडलीय. एका मालिकेत आजोबांना शुगर आहे असं आम्ही सुरुवातीच्याच एपिसोडमध्ये सांगितलं होतं, आणि मग पाच-सहा महिन्यांनी मी नातीच्या पहिल्या पगाराचा सीन लिहिला ज्यात आजोबा वाटी भरून शिरा खातात आणि कुणीच काही बोलत नाही. सीन सगळ्यांना आवडला होता. एपिसोड गेल्यावर माझ्या शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या आणि काळजीने म्हणाल्या, अगं त्यांना शुगर आहे ना, सुनेने कसं दिलं. त्यांना चूक काढायची नव्हती, त्यांना खरंच त्या सुनेचा राग आला होता. दोन वाक्यं लागली असती मला, 'बाबा, एकच चमचा हं' आणि 'आज राहू दे गं', आणि सीन दुप्पट चांगला झाला असता. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त एपिसोड, विचार करा की तेवढी वर्षं रोज बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या घराबद्दल किती साठलेलं असेल. लेखक बदलतात, डिरेक्टर बदलतात, प्रेक्षक तोच असतो.

हाका हा तर वेगळाच विषय आहे. दूरदर्शनवर १९८४ मध्ये 'हमलोग' आली त्यातल्या बहिणी बडकी, मझली, छुटकी, नुसत्या जन्माच्या क्रमाने, आणि ते ऐकलं की पहिल्या मिनिटाला कळायचं की हे तीन पोरींचं, हातातोंडाची गाठ असलेलं घर आहे. आपल्या मालिकांत सगळे एकमेकांना पूर्ण नावाने हाक मारतात, 'अनिरुद्ध, ऐक ना अनिरुद्ध', घरात कोण असं बोलतं? एकाच माणसाला आई बाळ्या म्हणते, बायको अहो म्हणते, धाकटा भाऊ दादा म्हणतो, मेहुणी जिजू म्हणते आणि ऑफिसात आडनाव. बायको नवऱ्याला अरे म्हणते की अहो, आणि सासूसमोर अरेचं अहो होतं का, हे ठरवा, त्या एका शब्दात त्या लग्नाबद्दल सगळं कळतं.

कालनिर्णय

मालिकेतला काळ रबरासारखा असतो, एक लग्न तीन आठवडे चालतं आणि एक बाळंतपण जाहिरातीच्या ब्रेकमध्ये उरकतं, आणि प्रेक्षक ते चालवून घेतो. पण सण चुकलेला चालवून घेत नाही. त्याच्या घरी गणपती बसला की त्यांच्याही घरी बसला पाहिजे, त्याच दिवशी. डेली सोपच्या खरेपणाचा सगळ्यात मोठा आधार हाच आहे असं मला वाटतं, कारण सिनेमाला हे जमत नाही, पुस्तकाला जमत नाही, रोज घरात येणाऱ्या मालिकेलाच जमतं.

करायचं काय, तर पूर्ण वर्षाचं कालनिर्णय समोर घेऊन बसायचं आणि ट्रॅक, म्हणजे कथेचे धागे, त्याच्यावर मांडायचे. एपिसोडची बँक असते, आज शूट केलेलं आठवड्याने वगैरे दिसतं, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान शूटच्या तारखेचं नको, टेलिकास्टच्या तारखेचं हवं. महिना उलटताना हे हमखास राहतं. गुढीपाडवा, वटपौर्णिमा, मंगळागौर हे सगळे करतात, त्यात काही विशेष नाही, पण दहावीचा निकाल, शाळा सुरू होतानाची वह्यांना कव्हरं घालायची घाई, पहिल्या पावसात गेलेली लाइट, मार्चएंडला उशिरा येणारा बँकेतला नवरा, मे महिन्यात पाहुण्यांनी भरलेलं घर, हे फार कमी लोक लिहितात आणि तिथेच खरी मजा आहे.

आणि सण करायचा तर कुणाचा ते ठरवा. गौरी म्हटलं की सेटवर मुखवटे, शालू आणि दागिने येतात, पण कोकणस्थांकडे खड्यांच्या गौरी असतात, कुणाकडे तेरड्याच्या असतात, विदर्भ-मराठवाड्यात त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. येण्याच्या दिवशी कितीतरी घरांत शेपूची भाजी आणि भाकरी, पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. कोकणात नव्या सुनेचा ओवसा, म्हणजे गौरीला ओवाळायची ती भरलेली सुपं. तुमचं कुटुंब मूळचं कुठलं हे वहीत लिहिलंय ना? मग त्यांच्याच पद्धतीने करा. खड्यांच्या गौरी आणणारं घर टीव्हीवर दिसलं की खड्यांच्या गौरी आणणाऱ्या सगळ्या बायका त्या मालिकेच्या होतात, आणि ज्या आणत नाहीत त्यांनाही कळतं की हे कुणाचं तरी खरं घर आहे. सगळ्यांना आपलं वाटावं म्हणून सगळ्यांची सरासरी काढलेला सण कुणालाच आपला वाटत नाही.

गावातल्या मालिकेत तर मला रडू येतं. नायक शेतकरी, पण तो वर्षभरात एकदाही आभाळाकडे बघत नाही. बीबीसीवर 'द आर्चर्स' नावाची रेडिओमालिका १ जानेवारी १९५१ पासून सुरू आहे, युद्धानंतर धान्याची टंचाई होती म्हणून शेतकऱ्यांना नवीन माहिती पोचवायला ती काढली होती, आणि आजही त्यातल्या गावात मेंढ्या व्यायला त्या त्या ऋतूतच येतात. आपल्याला कुणी अडवलंय का? कोल्हापूरकडचं कुटुंब असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखाने पेटतात, म्हणजे सुरू होतात, ऊसतोड कधी मिळणार ही त्या घरातली सगळ्यात मोठी चिंता असते, फडात ऊस वाळतोय आणि मुकादम फोन उचलत नाही, आणि त्याच वेळी मुलीचं लग्न ठरतंय, बघा किती खरा ट्रॅक झाला, व्हिलनही लागला नाही. कोल्हापूर-सांगलीकडे बैलांचा सण म्हणजे आषाढातला बेंदूर, पोळा नाही, विदर्भात श्रावणी अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. हे गावातल्या कुठल्याही माणसाला विचारलं तर दोन मिनिटांत सांगतो.

बाहेर काही मोठं घडलं की मालिकेने दखल घ्यायची की नाही हा प्रश्न येतो. २०२० च्या मार्चमध्ये शूटिंग बंद झालं, जूनच्या शेवटी परत सुरू झालं, आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आल्यावर कितीतरी मराठी मालिका गोव्याला हलल्या, मग मे महिन्यात तिथलीही परवानगी गेली. तेव्हा घरातली माणसं एकदम कुठल्यातरी बंगल्यात राहायला गेलेली दाखवावी लागली आणि प्रेक्षकांनी सांभाळून घेतलं, कारण त्यांच्याही घरातलं सगळं उलटंपालटं झालं होतं. ज्यांनी त्यात दाराशी ठेवलेली सॅनिटायझरची बाटली आणि धुऊन वाळत घातलेले मास्क दाखवले त्यांच्या मालिका मला त्या दिवसांत जास्त जवळच्या वाटल्या.

भाषा

यावर मी सगळ्यात जास्त भांडते. बऱ्याच मालिका दुसऱ्या भाषेतून येतात, बंगालीतून, दक्षिणेतून, हिंदीवरून मराठीत, आणि त्यात काही वाईट नाही. पण 'माझी मदत कर' हे मराठी नाही हो, 'मला मदत कर'. 'मला तुझ्यावर गर्व आहे' नाही, अभिमान आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्या घरात बाप मुलाला तेही म्हणत नाही, तो शेजाऱ्याला सांगतो आणि मुलाला ते आईकडून कळतं. दुसऱ्या भाषेतला एपिसोड समोर असेल तर तो एकदा वाचून बाजूला ठेवा, काय घडतं तेवढं घ्या, आणि आपल्या घरात ते कुणी कुणाला कसं सांगितलं असतं ते लिहा. कदाचित सांगितलंच नसतं, ताट वाढून पुढे ठेवलं असतं.

बोली लिहायची असेल तर शब्द पेरून होत नाही. कोल्हापूरकडच्या खेड्यात बाई 'मी जातो, मी येतो' म्हणते, ते ऐकून पुण्यातला एखादा जण स्क्रिप्टमध्ये 'जाते' करून ठेवतो आणि त्या बाईचा सगळा ठसकाच जातो. नागपूरकडे 'काय करून राहिला', 'काहून', मालवणीत 'खंय', यातला शब्द एकवेळ शिकता येतो पण हेल शिकता येत नाही. म्हणून तिथला एक तरी माणूस कास्टमध्ये घ्या आणि त्याला संवाद फिरवायची मोकळीक द्या. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे शूट झाली, बोलीही तिकडचीच, आणि नायकाला फौजी व्हायचंय हे साताऱ्यात कुणाला समजवावंच लागत नाही, ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे तिथे ती घराघरातली गोष्ट आहे.

आणि एक कळकळीची विनंती, बोली फक्त कामवाल्या मावशीला आणि विनोदी मामाला देऊ नका. नायिका प्रमाण मराठी बोलते आणि गावची भाषा हसायला ठेवलेली, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता सहन होत नाही. कलेक्टर झालेली मुलगी आईशी फोनवर वऱ्हाडी बोलते, केबिनचं दार उघडलं की तिची भाषा बदलते आणि फोन ठेवताना पुन्हा 'ठेवतो मा' म्हणते, हे लिहून बघा.

पैसे, गाऊन आणि कागदपत्रं

सगळ्यांचे पगार वहीत लिहायला सांगितले ते यासाठी की मग आपोआप प्रश्न पडतात. एकटा कमावता, दोन मुलं, आजारी आई, तर ही एवढी मोठी डायनिंग टेबलं आली कुठून? ईएमआय कधी कटतो? महिन्याच्या २५ तारखेला त्या घरात भाजी काय असते? साड्या रिपीट करा, चॅनलच्या माणसाशी त्यासाठी भांडावं लागलं तरी करा, तीच निळी साडी आठवड्याने परत दिसली की ती बाई खरी होते.

रात्री झोपताना काठपदर आणि मंगळसूत्र-बांगड्या-गजरा हे तर बोलायलाच नको. आपल्याकडच्या कितीतरी बायका घरात गाऊनवर असतात, आणि बेल वाजली की खुंटीवरची ओढणी गळ्यात टाकून दार उघडतात. ती ओढणी टाकायची दोन सेकंदांची हालचाल, दारात दूधवाला असेल तर एक तऱ्हा, दीर असेल तर वेगळी, आणि नवरा असेल तर ओढणी नाहीच. एवढ्यात नातं समजतं आणि संवाद शून्य.

कोर्ट, पोलीस, हॉस्पिटल आलं की एखाद्या माहितगाराला फोन करा, बस. घटस्फोट डायनिंग टेबलावर पेपर सही करून होत नाही, परस्पर संमतीचा असला तरी हिंदू विवाह कायद्यात आधी एक वर्ष वेगळं राहणं लागतं, मग अर्ज, मग सहा महिन्यांनी पुन्हा कोर्टात उभं राहणं, आणि २०१७ पासून तो सहा महिन्यांचा काळ कोर्ट माफ करू शकतं. हे तुम्हाला अडचण वाटेल पण मला वाटतं ही देणगी आहे, सहा महिने दोघांना थांबायचंय, मधे दिवाळी आहे, यापेक्षा चांगला ट्रॅक कुठला? हॉस्पिटलमध्येही तसंच, आयसीयूच्या काचेपेक्षा खालचा काउंटर लिहा, डिपॉझिट भरा म्हणतायत, कॅशलेस अजून अप्रूव्ह झालं नाही, मोठा भाऊ एटीएमला गेलाय आणि धाकटा स्टीलचा डबा हातात धरून नुसता उभा आहे.

आवाज

याकडे कुणाचंच लक्ष नसतं. सेटवर शांतता असते, असायलाच हवी, नाहीतर संवाद नीट रेकॉर्ड होत नाहीत, पण एडिटनंतरही ती शांतताच राहिली तर घर मेल्यासारखं वाटतं. कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची हाळी, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवल्याचा आवाज, लांबून आरती. स्क्रिप्टमध्येच लिहा, 'तिसरी शिट्टी, ती उठते', म्हणजे ते कुणी गाळू शकणार नाही. आणि प्रत्येक धक्क्याला तीनदा झूम आणि ढॅण ढॅण संगीत लावलं की तुम्ही मेथीत कमावलेलं सगळं तिथे जातं. ते तुमच्या हातात नसतं मला माहितेय, पण सीनचा शेवट असा लिहिता येतो की तिथे संगीत लावायला जागाच राहत नाही.

काहीतरी अर्धं राहू द्या

अर्ध्या तासात जाहिराती सोडून २२ मिनिटांच्या आसपास मिळतात. त्यात एकच गोष्ट सांगितली तर ती गोष्ट वाटते, तीन जणांचं तीन ठिकाणी थोडं थोडं चाललेलं दाखवलं तर ते आयुष्य वाटतं. एकाचं लग्न ठरतंय, दुसऱ्याची नोकरी जातेय, आजीला मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं नाहीये. तिन्ही एकाच शुक्रवारी संपवू नका, कुणाच्याच घरात तसं होत नाही. पात्र खोलीत आलं की ते कुठून तरी आलेलं असू द्या, ओला हात पुसत, चप्पल बाहेर काढताना कुणाशी तरी बोलत, जिन्यात कुणी पाणी सांडलंय म्हणून चिडलेलं. त्या जिन्यातल्या पाण्याचं पुढे काही होत नाही, व्हायला नकोच.

एपिसोडचा हुक, म्हणजे उद्या बघायला लावणारा शेवट, तोसुद्धा दरवेळी बंदूक किंवा चक्कर नको. नवऱ्याचा फोन चार्जिंगला लावलाय, त्यावर मेसेज येतो, ती नाव वाचते आणि फोन उलटा ठेवून पोळ्या लाटायला जाते. उद्या बघणार, नक्की बघणार.

लिहून झालं, एपिसोड गेला, की तो स्वतःच्या घरी बघू नका. मी मिरजेला मावशीकडे जाऊन बघते जमेल तेव्हा, टीव्हीकडे कमी आणि तिच्याकडे जास्त. मागच्या वेळी माझ्या एका मोठ्या भांडणाचा एपिसोड होता, त्यातल्या ओळींवर मी दोन रात्री घालवल्या होत्या. डिरेक्टरने सीनच्या सुरुवातीला सुनेला गॅसवर दूध ठेवायला लावलं होतं, माझ्या स्क्रिप्टमध्ये ते नव्हतं. बेल वाजते, ती बाहेर येते, दारात नणंद, आणि मग ते भांडण सुरू. मावशी जागची अर्धी उठली. माझ्या ओळी तिला ऐकूच येत नव्हत्या. "अगं दूध," ती टीव्हीला म्हणाली, "आधी ते दूध बघ."

आता माझ्या प्रत्येक सीनच्या पहिल्या ओळीत गॅसवर काय आहे ते लिहिलेलं असतं.